मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून: आधी काय थांबवायचं, मग काय सुरू करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, तीन वर्षांत दुसऱ्यांदा मुतखडा. या वेळचा ५ मिलिमीटरचा खडा लघवीवाटे पडला, तपासायला दिला आणि तो कॅल्शिअम ऑक्झलेटचा निघाला. तेव्हापासून दूध-दही पूर्ण बंद, टोमॅटो बंद. सकाळी उठल्या उठल्या दीड लिटर पाणी. वजन कमी करायचं म्हणून न्याहारीला कच्च्या पालकाची बदामाच्या दुधात केलेली स्मूदी. त्याशिवाय रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि झोपताना कॅल्शिअम-डी३ची एक गोळी. एवढं सगळं सांभाळून विचारलं आहे, "यात आणखी कुठलं सप्लिमेंट घेतलं म्हणजे तिसरा खडा होणार नाही?"

तुमची कळकळ पोचली. ज्याला मुतखड्याची कळ एकदा येऊन गेली आहे तो ती टाळण्यासाठी काहीही करायला तयार असतो. पण या यादीत आणखी एक गोळी घालण्याआधी यादीच नीट पाहू या, कारण खडा रोखणारी एक महत्त्वाची गोष्ट तुम्ही बंद केली आहे आणि खड्याला माल पुरवणाऱ्या तीन गोष्टी रोज न चुकता चालू आहेत. ते दुरुस्त झाल्याशिवाय कुठल्याही सप्लिमेंटचा उपयोग होणार नाही.

आधी खडा होतो कसा ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळेल. कॅल्शिअम आणि ऑक्झलेट (पालक-बदामासारख्या खाण्यातून येणारा आणि शरीरातही बनणारा एक घटक) प्रत्येकाच्याच लघवीत विरघळलेलं असतं. पेलाभर पाण्यात मीठ घालून ढवळत राहिलं तर एका टप्प्यानंतर ते विरघळेनासं होतं आणि तळाशी बसतं, तसंच लघवीत होतं: पाणी कमी पडलं किंवा माल जास्त झाला की स्फटिक तयार होतात. लघवीत सायट्रेटसारखे काही घटक या स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणजे आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: लघवी पातळ ठेवणं, माल कमी करणं आणि सायट्रेट वाढवणं. आणि हे दिवसरात्र चालायला हवं. सकाळी लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि रात्री आठ तास गर्द पिवळी असेल, तर स्फटिकांना तेवढे आठ तास पुरतात.

पुढचं सगळं कॅल्शिअम ऑक्झलेटच्या खड्यासाठी लिहितो आहे, कारण तुमच्या हातात तसा रिपोर्ट आहे. हा रिपोर्ट फार मोलाचा आहे. साधारण ८० टक्के खडे कॅल्शिअमचे असतात आणि त्यांत ऑक्झलेटचे सर्वांत जास्त, पण उरलेल्यांचं गणित वेगळं आहे. यूरिक अॅसिडचा खडा आम्लधर्मी लघवीत, म्हणजे पीएच ५.५च्या खाली राहिला की होतो; लघवीचा पीएच औषधाने वर नेला तर तो विरघळतोसुद्धा. जंतुसंसर्गामुळे होणारा स्ट्रुव्हाइटचा खडा पथ्याने थांबत नाही, तिथे खडा पूर्ण काढून संसर्ग मोडावा लागतो. सिस्टीनचा खडा आनुवंशिक दोषामुळे होतो, त्याला आणखी जास्त पाणी आणि वेगळी औषधं लागतात. कॅल्शिअम फॉस्फेटच्या खड्यात लघवीचा पीएच बहुधा आधीच चढा असतो, त्यामुळे ऑक्झलेटच्या रुग्णाला दिलेली सायट्रेटची गोळी तिथे बेतानेच द्यावी लागते. म्हणून हे वाचणाऱ्या कुणाचा खडा पुढे पडला तर तो गाळणीत धरा, कोरडा करा आणि तपासायला द्या. टाकून देऊ नका.

आता पाणी. दिवसाला किती प्यावं असं सगळे विचारतात, पण मोजायची असते लघवी. लक्ष्य आहे चोवीस तासांत किमान अडीच लिटर लघवी. घामावाटे आणि श्वासावाटे किती पाणी जातं ते हवामानावर आणि कामावर अवलंबून असतं, त्यामुळे एकाला तीन लिटर पिऊन हे साधतं, तर उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्याला साडेचार लिटरही कमी पडतात. नुसतं पाणी वाढवल्याने किती फरक पडतो याची चाचणी इटलीत झाली होती, १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ जणांपैकी निम्म्यांना लघवी दोन लिटरच्या वर राहील इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना. आपल्या विषयात इतक्या स्वस्त उपायाचा इतका स्पष्ट फायदा दुसरा कुठला नाही.

तुमचं दीड लिटर चुकतं ते वेळेत. एका दमात प्यायलेलं जादा पाणी मूत्रपिंडं तीनेक तासांत बाहेर टाकतात. दहा-अकरापर्यंत चार वेळा लघवीला जाऊन येता, आणि दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लघवी घट्ट होत जाते. पाणी दिवसभरात वाटून प्या. उठल्यावर ३०० मिलिलिटर, प्रत्येक जेवणासोबत ३००, दोन जेवणांच्या मधल्या वेळात दर दीड-दोन तासांनी २५०, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी २५० आणि झोपताना २५०. शेवटचे दोन पेले बहुतेक जण टाळतात, कारण रात्री उठावं लागतं. मी मात्र त्याच दोन पेल्यांचा आग्रह धरतो. जेवणातलं कॅल्शिअम, ऑक्झलेट आणि मीठ लघवीत उतरायला काही तास लागतात, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा भार झोपेत येतो आणि नेमकं तेव्हा पाणी जात नसतं. रात्री एकदा लघवीला जाग आली तर तुमचं प्रमाण बरोबर आहे असं समजा. उठलात की पुन्हा अर्धा पेला पाणी प्या.

मोजायला एक साधा उपाय आहे. खुणा असलेलं एक लिटरचं प्लास्टिकचं मोजपात्र आणा आणि सुट्टीच्या दिवशी, घरी असताना, चोवीस तासांची लघवी त्यात मोजून आकडे कागदावर लिहा. ३५०, २२०, ४००, असे. बेरीज दीड लिटरच्या आसपास आली की "मी भरपूर पाणी पितो" हा समज तिथेच संपतो. सकाळची पहिली लघवी किती आणि कुठल्या रंगाची आहे तेही लिहा, रात्र कशी गेली ते त्यावरून कळतं. रंगावर विसंबताना एक लक्षात ठेवा: बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे लघवी चक्क पिवळीजर्द दिसते आणि अंदाज चुकतो.

कुठलं पाणी, हाही प्रश्न नेहमी येतो. साधं पिण्याचं पाणी. जड पाण्याने खडे होतात ही समजूत घट्ट रुजलेली आहे, पण जड पाण्यातल्या कॅल्शिअमचा धोका नगण्य आहे. महागडा फिल्टर बसवून खडा टळत नाही. चहा-कॉफी माफक चालते. गोड शीतपेयं मात्र बंद करा. त्यांतली साखर, विशेषतः फ्रुक्टोज, लघवीतलं कॅल्शिअम आणि यूरिक अॅसिड दोन्ही वाढवते. आणि हृदय कमजोर आहे, किडनीचं काम मंदावलं आहे, रक्तातलं सोडिअम कमी राहतं किंवा पाणी मोजूनच प्यायला सांगितलं आहे, अशांनी अडीच लिटरचं लक्ष्य स्वतःहून धरू नये. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील.

आता दूध-दही. खडा कॅल्शिअमचा, मग कॅल्शिअम बंद करा, हा विचार सरळ वाटतो आणि एके काळी डॉक्टरही तेच सांगत. तो चुकीचा ठरला आहे. जेवणातलं ऑक्झलेट आणि जेवणातलं कॅल्शिअम आतड्यात एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. कॅल्शिअम बंद केलं की आतड्यात ऑक्झलेटला धरायला कुणी उरत नाही, ते मोकळं राहून रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. लघवीत ऑक्झलेटचं प्रमाण मुळात कॅल्शिअमपेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळे त्यात थोडीशी वाढ झाली तरी स्फटिक लवकर बनतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लघवीतून जास्त कॅल्शिअम जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम इतकं कमी कॅल्शिअम दिलं. दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत कमी कॅल्शिअमवाल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना. यातलं सगळं श्रेय एकट्या कॅल्शिअमला देता येत नाही, कारण मीठ आणि मांसही बदललं होतं. पण दूध-दही सोडल्याने खडे थांबत नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं. उलट हाडं झिजतात, हा तोटा वेगळाच.

म्हणून दूध-दही पुन्हा सुरू करा. दिवसभरात १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम खाण्यातून मिळायला हवं. पाव लिटर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असतं, वाटीभर दह्यात २०० ते २५०. पण ते जेवणाबरोबर घ्या. रात्री झोपताना प्यायलेल्या दुधातलं कॅल्शिअम आतड्यात ऑक्झलेटला भेटतच नाही. दुपारच्या जेवणासोबत दही आणि न्याहारीसोबत दूध घेतलंत तर प्रत्येक खाण्यातलं ऑक्झलेट जागच्या जागी धरलं जातं. दूध पचत नसेल तर कॅल्शिअम घातलेलं सोयादूध चालतं. घेण्याआधी डबा हलवा, कारण घातलेलं कॅल्शिअम तळाशी बसतं.

नेमक्या याच कारणाने तुमची झोपतानाची कॅल्शिअमची गोळी चुकीच्या वेळी पडते आहे. रिकाम्या पोटी आलेलं ५०० मिलिग्रॅम कॅल्शिअम कुणाला न धरता शोषलं जातं आणि त्यातलं जादा रात्रीच्या घट्ट लघवीत उतरतं. अमेरिकेत पाळी गेलेल्या स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि ४०० युनिट व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. खाण्यातलं कॅल्शिअम राखतं, गोळीतलं धोका वाढवतं, यात विसंगती वाटेल; गोळी कुठल्या वेळी घेतली हे त्याचं एक कारण असू शकतं. ही गोळी हाडांसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांना विचारा. घेत राहायची असेल तर जेवतानाच घ्या, आणि कॅल्शिअम सायट्रेट हा प्रकार मिळाला तर तो घ्या. कुणी न सांगता स्वतःहून सुरू केली असेल तर बंद करा.

आता स्मूदी. तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत मोठी चूक इथे आहे, म्हणून थोडं जवळून पाहू. साध्या मिश्र आहारात दिवसाला साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. शिजवलेल्या पालकाच्या अर्ध्या कपात एकट्यात ७००च्या वर असतं. स्मूदीत तुम्ही दोन-तीन मोठ्या मुठी कच्चा पालक घालता. शिजवताना पाण्यात उतरून जो भाग गेला असता तो इथे जात नाही, सगळा पेल्यात राहतो. वर बदामाचं दूध: बदामातही ऑक्झलेट भरपूर, आणि वरून कॅल्शिअम घातलेलं नसेल तर त्यात धरून ठेवणारं कॅल्शिअम जवळपास नाही. हे सगळं रिकाम्या पोटी, द्रव रूपात, एका दमात. ऑक्झलेट शोषलं जाण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती मुद्दाम तयार करायची म्हटली तरी अवघड आहे. आरोग्यासाठी म्हणून सुरू केलेल्या हिरव्या स्मूदीमुळे किडनीत ऑक्झलेट साचून ती निकामी झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

स्मूदी आवडत असेल तर पालकाऐवजी काकडी, कोबी किंवा लेट्यूस घ्या आणि बदामाच्या दुधाऐवजी दही किंवा साधं दूध. महिन्यातून एखाद्या वेळी पालक खायचाच असेल तर भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या आणि पालक दह्यासोबत खा. उकळून पाणी टाकल्याने त्यातलं विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं निघून जातं; वाफवल्याने तितकं जात नाही.

बाकी ऑक्झलेटच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. त्या याद्यांमुळे लोक भाज्या-फळंच सोडतात, पोटॅशिअम आणि सायट्रेट घटतं आणि फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो. जपायचं ते पालक, चार्ड, रुबार्ब, बीट, बदाम, काजू आणि कोको पावडर यांना. रताळं आणि सालासकट बटाटा अधूनमधून चालतो. टोमॅटोने तुमचं काहीही बिघडवलेलं नाही. त्यात ऑक्झलेट कमी असतं, तो परत सुरू करा.

व्हिटॅमिन सी. शरीर जास्तीच्या व्हिटॅमिन सीचा काही भाग ऑक्झलेटमध्ये बदलून लघवीवाटे टाकतं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या दीर्घ पाहणीत, २०१३ साली, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण यंत्रणा माहीत आहे आणि तुम्हाला दोनदा खडा होऊन गेला आहे. आजपासून ही गोळी बंद करा. रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्याही आत आहे आणि ती फळांतून सहज भागते. फळांतल्या व्हिटॅमिन सीने काही होत नाही. घरातल्या मल्टिव्हिटॅमिनच्या आणि सर्दीच्या विरघळणाऱ्या गोळ्यांच्या वेष्टनावरही एकदा नजर टाका, अनेकदा तिथे आणखी ५०० किंवा १००० मिलिग्रॅम दडलेलं असतं.

तुम्ही मिठाचा उल्लेखच केलेला नाही, आणि हे नेहमीचंच आहे. खड्याच्या पथ्यात मीठ कुणाच्या डोक्यात येत नाही. मूत्रपिंड सोडिअम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शिअमही जातं. सुमारे ६ ग्रॅम मीठ जास्त खाल्लं तर लघवीतलं कॅल्शिअम दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं, आणि ज्यांच्या लघवीतून मुळात जास्त कॅल्शिअम जातं त्यांचं त्याहून जास्त. शिवाय सायट्रेट घटतं. एकूण मीठ दिवसाला ५ ते ६ ग्रॅम ठेवायचं, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात विकतच्या पदार्थांतलं धरून. पाकीटबंद खाणं, पाव, चीज, लोणची, सॉस, तयार सूप आणि बाहेरचं जेवण यांत ते न दिसता येतं. ताटात वरून मीठ घेत नाही म्हणून कमी खातो, असं होत नाही. सैंधव आणि समुद्री मीठही याच हिशेबात. रंग बदलला तरी सोडिअम तेच.

प्रथिनांबद्दल थोडक्यात. मांस, मासे, अंडी यांनी लघवी आम्लधर्मी होते, कॅल्शिअम आणि यूरिक अॅसिड वाढतं, सायट्रेट घटतं. वजनाच्या दर किलोला ०.८ ते १ ग्रॅम एकूण प्रथिनं पुरेत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५६ ते ७०. वजन कमी करण्यासाठी प्रोटीन पावडर घेत असाल तर तीही यात मोजा. कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा कीटोसारखा आहार तुमच्यासारख्याने करू नये, त्यात लघवीचा पीएच आणि सायट्रेट दोन्ही पडतात. वजन मात्र कमी करा, हळूहळू. लठ्ठपणा हे खड्याचं स्वतंत्र कारण आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न: घ्यायचं काय? पुरावा भक्कम आहे तो सायट्रेटचा. सायट्रेट लघवीत कॅल्शिअमला धरून ठेवतं आणि स्फटिकांना वाढू देत नाही. आहारातून ते वाढवायचं तर रोज फळं-भाज्यांचे पाच-सहा भाग आणि लिंबाचा रस. लिंबाचा उपयोग होण्यासाठी प्रमाण लागतं: अभ्यासांतून साधारण १२० मिलिलिटर रस दिवसभरात दोन लिटर पाण्यातून दिला गेला आहे. पेल्यात पिळलेली एक फोड म्हणजे चव, औषध नव्हे. लिंबातलं सायट्रेट बरंचसं आम्लाच्या रूपात असल्याने त्याचा परिणाम पोटॅशिअम सायट्रेटपेक्षा सौम्यच असतो, काहींच्या लघवीत तर फारसा फरक दिसत नाही. दातांचं वरचं आवरण झिजू नये म्हणून ते स्ट्रॉने प्या, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि त्यात मीठ किंवा साखर घालू नका.

पोटॅशिअम सायट्रेट हे औषध आहे, सप्लिमेंट म्हणून स्वतःहून घ्यायचं नाही. लघवीत सायट्रेट कमी असेल किंवा खडे होतच राहिले तर ते देतात, साधारणपणे दिवसाला ३० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजायचं एकक), दोन-तीन वेळा विभागून, जेवणानंतर. १०८० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १० मिलिइक्विव्हॅलंट. सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं पोटॅशिअम तपासावं लागतं. किडनी कमकुवत असेल किंवा पोटॅशिअम वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा रिकामा सांगाडा शौचात दिसला तर घाबरू नका, औषध शोषलं गेलेलं असतं. लघवीचा पीएच ६ ते ६.५ हवा, तो कायम ७च्या वर गेला तर ऑक्झलेटऐवजी फॉस्फेटचा खडा होऊ शकतो. पोटॅशिअम सायट्रेटऐवजी खायचा सोडा घेण्याचा सल्ला कुणी दिला तर त्यातलं सोडिअम विसरू नका.

बाकी बाटल्यांची यादी झटपट संपवतो. मॅग्नेशिअम ऑक्झलेटला धरतं खरं, पण एकट्याने खडे रोखल्याचा चांगला पुरावा नाही, आणि जास्त घेतलं तर जुलाब होतात. जुलाबांनी शरीरातलं पाणी आणि सायट्रेट दोन्ही जातं, म्हणजे उलटाच परिणाम. जास्त मात्रेतलं बी६ एका विशिष्ट आनुवंशिक विकारात काही जणांना उपयोगी पडतं; इतरांनी महिनोन्‌महिने घेऊ नये, मज्जातंतूंना इजा होते. व्हिटॅमिन डी रक्तात खरंच कमी असेल तर बेताच्या मात्रेत भरून काढावं आणि लघवीतलं कॅल्शिअम पाहावं. ६०,००० युनिटांच्या मात्रा रक्त न तपासता घेत राहू नका. क्रॅनबेरीच्या आणि हळदीच्या कॅप्सूल लघवीतलं ऑक्झलेट वाढवतात. आणि 'खडा विरघळवणारं' म्हणून जे काही विकलं जातं त्यापैकी कशानेही कॅल्शिअम ऑक्झलेटचा झालेला खडा विरघळत नाही. छोटा खडा स्वतःहून पडतो आणि श्रेय त्या बाटलीला मिळतं.

इथपर्यंतचं सगळं तुमच्या वर्णनावरून. पण तुमच्या लघवीत नेमकं काय जास्त आणि काय कमी आहे ते चोवीस तासांच्या लघवीची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. दुसरा खडा झाला म्हणजे ही तपासणी करायलाच हवी. खडा पडून किंवा काढून सहा आठवडे झाल्यावर करा. सकाळी सात वाजता लघवी करा आणि ती टाकून द्या. तिथून वेळ सुरू. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लघवी धरून. शौचाला बसण्याआधी लघवी वेगळी करून घ्या, एरवी तेवढी निसटते. कॅनमध्ये प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलं असेल तर ते ओतू नका आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका. त्या दिवशी शहाण्यासारखं वागू नका: नेहमी जितकं पाणी पिता तितकंच, जेवता तेच. मी एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस अशा दोन तपासण्या सांगतो, कारण दोन्ही दिवसांचं पाणी आणि मीठ फार वेगळं असतं.

रिपोर्ट आल्यावर सर्वांत आधी क्रिॲटिनिन पाहा; स्नायूंतून येणारा हा घटक रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत पडतो, म्हणून लघवी पूर्ण गोळा झाली का ते त्यावरून कळतं. पुरुषात ते वजनाच्या दर किलोला साधारण १८ ते २४ मिलिग्रॅम येतं, स्त्रीत १५ ते २०. ७२ किलोच्या माणसाचं ८००च आलं तर निम्मी लघवी गोळाच झालेली नाही, बाकीचे आकडे वाचू नका. मग सोडिअम: दर १७ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे एक ग्रॅम मीठ. २१० आलं तर त्या दिवशी बारा ग्रॅम मीठ पोटात गेलं, तोंडाने काहीही सांगितलं तरी. ऑक्झलेट ४०-४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, पुरुषाचं कॅल्शिअम २५०च्या आत, सायट्रेट ३२०च्या वर आणि शक्यतो ४५०च्या पुढे. ऑक्झलेट १००च्या आसपास आलं आणि पालक-बदाम तर कधीच बंद आहेत, असं असेल तर आतड्याचा विकार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया किंवा आनुवंशिक दोष शोधावा लागतो. लघवीसोबत रक्तातलं कॅल्शिअम, यूरिक अॅसिड, क्रिॲटिनिन आणि बायकार्बोनेट पाहतात. रक्तात कॅल्शिअम चढं असेल तर पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शिअम सांभाळणारी मानेतली) ग्रंथी तपासायलाच हवी, कारण तिथे गाठ असली तर कितीही पथ्य केलं तरी खडे थांबत नाहीत.

लघवीतलं कॅल्शिअम मीठ कमी करूनही चढंच राहिलं तर ते कमी करणारी थायझाइड गटातली औषधं पूर्वीपासून देतात. २०२३ साली आलेल्या स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत याच गटातल्या हायड्रोक्लोरोथायझाइडने खडे कमी झाल्याचं दिसलं नाही, त्यामुळे आता ती सरसकट न देता माणूस पाहून देतात. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत घ्या.

एक गोष्ट पथ्यापलीकडची. कळ येत असताना ताप किंवा थंडी वाजली, लघवी बंद झाली, किंवा उलट्यांमुळे पाणी टिकेना, तर पाणी पीत घरी बसू नका, थेट इस्पितळ गाठा. अडलेल्या खड्यामागे संसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेततं. एकच किडनी असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी साध्या कळेलाही थांबू नये. आणि कळ चालू असताना खडा ढकलला जावा म्हणून लिटरच्या लिटर पाणी ढोसू नका. त्याने खडा लवकर पडत नाही, दाब वाढून दुखणं मात्र वाढतं.

हे बदल करून सहा ते आठ आठवडे झाले की चोवीस तासांची लघवी पुन्हा तपासा. ऑक्झलेट आणि लघवीचं प्रमाण सुधारलं पण सोडिअम जिथल्या तिथे, असं बहुतेकांच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये दिसतं. तसं आलं तर पुढचे दोन महिने बाकी काही न बदलता फक्त मिठावर काम करा. सायट्रेट तरीही कमीच राहिलं तर पोटॅशिअम सायट्रेटचा विषय तेव्हा काढा. त्यानंतर वर्षातून एकदा लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी पुरते. सोनोग्राफीत ३-४ मिलिमीटरचा जुना खडा दिसला तर मागच्या रिपोर्टशी ताडून पाहा. तो तेवढाच असेल आणि नवीन कुठला दिसत नसेल, तर तुमचं पाणी आणि तुमचं ताट बरोबर चाललं आहे.